परसातला पक्का झोपाळा

सुट्टीत नात आली की परसातल्या फणसाला दोर बांधायचा, त्यावर उशी ठेवायची, झाला झोका. या खेपेला मुलाने चांगले जाड लाकडी खांब आणले. सून आलीच नाही; तिला म्हणे रजा मिळाली नाही. खांब सिमेंटात रोवून, सांध्यासांध्याला लोखंडी अँगल लावून मुलगा बोल्ट आवळत बसला.

"आठ दिवसांसाठी एवढं पक्कं कशाला रे?"

"असू दे गं, आई," तो वर न बघता म्हणाला.

सुट्टीपुरतं काम कसं, जाताना सोडवता यावं असं असतं. ही मजबुती मला खुपू लागली. मी खांब हलवून पाहिला. तसूभरही हलला नाही.

पहिलाच झोका घेता घेता नातीने विचारलं, "आजी, इथली शाळा लांब आहे का गं?"