एकाच पंखाची पिसं

"माळ्यावरची गुंडाळी खाली काढ," बा म्हणाला तेव्हा मी अजून खाकी कपड्यांतच होते. मी एसटीत कंडक्टर आहे, नवापूर डेपोला. ड्युटी संपवून पाड्यावर पोचले, चप्पल काढली आणि चहाच्या आधी हा हुकूम. एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण त्या गुंडाळीत आमच्या घरचे तीर होते आणि यंदा ते मी मारणार होते, म्हणून उडी मारूनच माळ्यावर चढले.

आमच्या पाड्यावर पौषाच्या पुनवेला डांगर फोडतात. डांगर म्हणजे लाल भोपळा. पाड्याखालच्या मोकळ्या शेतात आडव्या बांबूला तो टांगायचा आणि दुरून तीर मारायचा. नुसतं भोक पडून भागत नाही. डांगर चिरलं पाहिजे आणि आतल्या बिया जमिनीवर पडल्या पाहिजेत. ज्याच्या तिराने बिया पडतात तो त्या आपल्या हाताने घराघराला वाटतो आणि पावसाळ्यात प्रत्येकाच्या परसात त्याच बियांचे वेल चढतात. पहिला मान आमच्या घराचा. आमच्या तिराने बिया पडल्या नाहीत तर मान शेजारच्या काकांकडे जातो. काका म्हणजे बाचा चुलत भाऊ. आणि एकदा गेलेला मान परत आलेला पाड्यावर कुणी पाहिलेला नाही.

मळणीच्या दिवसांत बा ट्रॉलीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा मोडला. हात वर जाईना, मग कामठा, म्हणजे आमचं धनुष्य, कसला ओढणार? काका विचारपूस करायला आले, चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "तू यंदा आराम कर. डांगराचं आम्ही बघतो." बाला ते असं झोंबलं की त्याने मागचापुढचा विचार न करता माझ्याकडे बोट केलं.

"ही मारेल," तो म्हणाला.

आश्रमशाळेत असताना मी तिरंदाजी शिकले होते, दोन-तीन कपही आणले होते. पण पाड्याच्या डांगरावर तीर मारायला बा मला सांगेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की काकांना दारापर्यंत पोचवायला मीच गेले.

तर ती गुंडाळी. बाने डाव्या हाताने गाठ सोडली आणि आत बघितलं. बरूच्या कांड्या शाबूत होत्या. कोवळ्या आंब्याच्या पानाएवढी लोखंडी पातीही शाबूत होती, थोडी गंजलेली. पण मागची पिसं कसरीने खाल्ली होती. आजाच्या हातची, गिधाडाची पिसं. त्यांचे नुसते दांडे उरले होते, मासा खाऊन काटा उरावा तसे.

"गिधाडाचंच पीस लागतं," बा म्हणाला. "दुसरं चालत नाही."

"मग बोलाव गिधाडाला," मी म्हणाले. आकाशात गिधाड बघून मला किती वर्षं झाली ते आठवतही नाही. आणि असतं तरी त्याला हात लावायची आता सोय नाही.

मला तशी काळजी वाटत नव्हती. शाळेच्या सरांकडून मी जुने तीर मागून आणले. त्यांना मागे प्लॅस्टिकचे छोटे पंख असतात, रंगीत, दिसायला झकास. घरामागच्या केळीच्या खुंटावर मारून बघितले. प्लॅस्टिक बाच्या कामठ्याला घासून खरखर वाजायचं, पण तीर खुंटात बसायचे. आईने भाकरी थापता थापता मान डोलावली. मग मी त्यांची टोकं काढून आमची रुंद पाती बसवली आणि तीर सोडला. तो थोडा सरळ गेला, मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, उजवीकडे वळला आणि काकांच्या कडब्याच्या गंजीत घुसला.

काका स्वतः तो तीर घेऊन आले. "पुनवेपर्यंत बैल दुसरीकडे बांधू का?" त्यांनी विचारलं.

बा हसला, आणि तोही माझ्याकडे बघून. मग मला समजावू लागला. सुईसारखं टोक वारा धरत नाही. रुंद पातं मात्र वारा धरतं आणि तीर हवं तिकडे ओढून नेतं. त्याला सरळ ठेवायचं तर मागचं पीस पुढच्या पात्याहून जोरदार पाहिजे. लांब, उंच आणि ताठ. शिवाय पीस कामठ्याला लागलं तरी दबतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लॅस्टिक दबत नाही, ते तिराला धक्का देतं. बाचं हे सगळं बरोबर होतं. माझ्या अंगात मात्र वारं भरलं होतं. म्हणजे पीस शोधायचं, एवढंच ना? ज्या बाईच्या गाडीत दिवसभर अर्धा तालुका चढतो-उतरतो, तिला पीस मिळणार नाही?

दुसऱ्या दिवसापासून मी प्रवाशांना विचारायला सुरुवात केली. खांडबाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी गाडी टोपल्यांनी भरते आणि टोपल्यांत कोंबड्या असतात. मी तिकीट देण्याआधी कोंबडीचा पंख उघडून बघायची. आमचे ड्रायव्हरदादा नंदुरबारकडचे, अहिराणी बोलणारे. आरशातून बघत ते म्हणाले, "ताई, तू तिकीट फाडी ऱ्हायनी का कोंबडीनी नाडी देखी ऱ्हायनी?"

सगळी गाडी हसली. पण दोन दिवसांनी त्याच ड्रायव्हरदादांनी एका पोल्ट्रीवरून पिसांची गोणी आणून माझ्या पुढ्यात टाकली. "आते तुन्हा बापले सांग, उडाड विमान." मला फार बरं वाटलं. ती पिसं मात्र मऊ निघाली, गादीत भरायच्या लायकीची. तीर सोडला की ती मागे झोपायची. काकांनी कुंपणापलीकडून मोराचं पीस सुचवलं. त्यावर मी म्हणाले, "बांधते की. मग वनखात्याचे लोक आले की तुमच्याच घरी पाठवते."

विसरवाडीच्या फाट्यावरून रोज एक मावशी चढायच्या, ख्रिश्चन घरच्या, मुलीकडे नवापूरला जाणाऱ्या. माझी पिसांची चौकशी ऐकून ऐकून त्यांना कंटाळा आला असावा. एक दिवस म्हणाल्या, "एवढंच आहे तर आमच्या टर्कीचे पंख घे. नाताळात कापली, पंख पडलेत घरात. पोरं झाडू म्हणून खेळतात."

पुढच्या फेरीला त्यांनी खिडकीतून पिशवी आत दिली. मी पिशवीत हात घातला आणि एका पिसावरून बोट फिरवलं. ताठ, रुंद, बोटाखाली करकरणारं. असं पीस मी कधी हातात धरलं नव्हतं. मी मावशींचा हात धरून ठेवला, आणि दादांनी हॉर्न वाजवला तेव्हा सोडला.

घरी आम्ही दोघं बापलेक कामाला बसलो. शाळेच्या तिरांचं प्लॅस्टिक काढून टाकलं. बाचा एक हात चालत नव्हता म्हणून तो दोऱ्याचं टोक दातात धरायचा. मी पिसं उभी चिरायची, एका तिराला तीन लावायची, तो दोरा आवळायचा, मी डिंक लावायची. दोन्ही पंखांतली सगळ्यांत देखणी, सारख्या रंगाची पिसं मी निवडली होती. तीन तीर तयार झाले. पाड्यावरची पोरं बघायला आली. इतके सुंदर तीर कुणाकडेच नव्हते, हे मी आजही सांगेन.

आणि ते तीर दारू प्यायल्यासारखे गेले. गंजीपर्यंत पोचले नाहीत एवढंच, पण खुंटालाही लागले नाहीत. शेपटी इकडे, डोकं तिकडे.

"तुझा हात हलतो," बा म्हणाला.

"तुझा दोरा ढिला आहे," मी म्हणाले.

मग आम्ही दोघांनी आवाज चढवला. तो म्हणाला, शाळेने तुला बिघडवलं. मी म्हणाले, तुला गिधाडाशिवाय काही येतच नाही. रात्री आईने दोघांना वेगवेगळं वाढलं. मला त्याचा संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. पुनव परवावर आली होती आणि काकांच्या घरचा मुलगा रोज संध्याकाळी सराव करत होता. मान माझ्या हातून गेला असता तर बाने मला बोल लावला नसता. तो नुसता गप्प बसला असता, आणि तेच मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत उरलेली पिसं माझ्या पैशांच्या पिशवीत होती. सुट्टे काढताना ती मध्ये यायची म्हणून मी ती एकावर एक रचायला घेतली. काही पिसं चमचे बसावेत तशी एकात एक बसली. उरलेली काही केल्या त्यांच्यात बसेनात, पण आपापसांत बरोबर बसली. मी दोन जुड्या समोर धरल्या. एका जुडीचा बाक डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. अर्थात! एक डाव्या पंखाची, एक उजव्या. तिराला मी दोन्ही लावली होती. एक पीस त्याला इकडे फिरवत होतं, दुसरं तिकडे.

"दादा, सापडलं," मी जागेवरूनच ओरडले.

"कोणं पाकीट?" दादांनी विचारलं.

घरी पोचले ती धावतच. आजाचे कसर लागलेले तीर आईने चुलीपाशी सरपणात ठेवले होते. ते मी ओढून काढले आणि दिव्याखाली धरले. पिसं नव्हती, पण दांडे होते, आणि तिन्ही तिरांचे सगळे दांडे एकाच बाजूला वाकलेले होते. उत्तर पहिल्या दिवसापासून आमच्या घरात होतं.

मी ते बाला दाखवले. त्याने एकेका दांड्यावरून अंगठा फिरवला.

"तुला हे माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मी पिसं कधी बांधलीच नाहीत," तो म्हणाला. "हे तीर तुझ्या आजाने बांधलेले. मी नुसते मारले. तो असताना मी शिकून घेतलं नाही, आणि नंतर कुणाला विचारायची लाज वाटली."

जन्मभर ज्याने तिरांवरून पाड्याला शहाणपण शिकवलं, तो माझा बाप हे बोलत होता. चिडवायला इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नाही, पण माझ्याच्याने चिडवलं गेलं नाही. मी दोरा घेतला आणि त्याच्या शेजारी बसले.

डिंकाने चिकटवलेली पिसं सोडवताना फाटली. उरलेल्यांत डाव्या पंखाची तीनच धड होती, उजव्याची दोनच. म्हणजे एकच तीर.

पुनवेला ऊन उतरल्यावर सगळा पाडा शेतात जमला. काकांनी माझ्या हातातला एकुलता तीर बघितला. "बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"एक डांगर आहे, काका," मी म्हणाले. जीभ नेहमीसारखी चालली. बा माझ्या मागे उभा होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी कामठा ओढला आणि सोडला. तीर माझ्या डोळ्यांसमोर गरगर फिरत गेला. डोकं हललं नाही, शेपटी हलली नाही. पांढऱ्या पिसांचा एक गोल तेवढा दिसला. मग थप्पकन आवाज झाला आणि पातं डांगरात पार आत गेलं. डांगर बांबूवर झोके घेऊ लागलं. चीर पडली होती, पण खाली काहीच पडेना. काकांच्या मुलाने आपला कामठा उचलला. डांगर एकदा पुढे गेलं, मागे आलं, आणि चीर फाकली. गर लोंबला, त्यामागून बियांचा लगदा भसकन मातीत पडला.

मी रडले. सगळ्यांसमोर, खुशाल.

बिया पाण्यात धुऊन सुपात घेतल्या आणि घराघराची माणसं रांगेत उभी राहिली. सूप माझ्या हातात होतं. दरवर्षी बा वाटायचा आणि मी त्याच्या शेजारी उभी असायची. या वर्षी रांगेत पहिला तो होता. उजवा हात वर येत नव्हता, म्हणून त्याने डाव्या हाताने तो खालून धरला आणि माझ्यापुढे ओंजळ केली. मी मूठभर बिया त्यात घातल्या.

"बांधणी आमच्या घरची," त्याने मागे वळून काकांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं. मग माझ्याकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "उद्या मला शिकव."