लूनचं घरटं आणि बाबांची ड्यूटी

त्या मे महिन्यात सासूबाईंनी सासऱ्यांना जर्सी सिटीहून आमच्याकडे पाठवून दिलं. नणंदेचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी दोघं पुण्याहून आले होते. घर एका बेडरूमचं. त्यात नणंद, तिचा नवरा, सासूबाई आणि सासरे. सासरे वीज खात्यातून रिटायर झालेले, दिसेल त्या वस्तूची तपासणी करायची त्यांची जुनी सवय. पाळण्याचा एक स्क्रू ढिला आहे म्हणून त्यांनी अख्खा पाळणा उघडला आणि तो परत जोडेपर्यंत नणंदेला सोफ्यावरून हलता आलं नाही. डिंकाच्या लाडवांचा पाक पुढे गेलाय हेही त्यांनी सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा मला फोन आला.

"अगं, यांना थोडे दिवस तुमच्याकडे ने. इथे यांना काम नाही, आणि यांना नुसतं बसवत नाही."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "मी ऐकतोय."

"ऐका की," सासूबाई म्हणाल्या.

नवरा त्यांना बसस्टॉपवरून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला, आमच्या घरी घेऊन आला. एक बॅग, कानटोपी आणि पडलेला चेहरा. "बाळंतपण म्हणजे बायकांचा कारभार. आपलं काय काम तिथे?" असं ते जेवताना दोनदा म्हणाले. आम्ही काही विचारलं नव्हतं.

आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये एका तळ्याकाठची केबिन, म्हणजे छोटं लाकडी घर, काही आठवड्यांसाठी घेतली होती. सीझन सुरू व्हायच्या आधी या केबिन रिकाम्या असतात, इंटरनेट असतं, आणि मी घरूनच काम करते. नवरा शुक्रवारी रात्री यायचा आणि सोमवारी परत जायचा. म्हणजे बाकीचे दिवस मी आणि बाबाच. खरं सांगायचं तर मला धास्ती होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही दोघं एका खोलीत एकटे असे फारसे कधी बसलोच नव्हतो.

पहिल्याच पहाटे तळ्यावरून एक लांबलचक, चढत जाणारा हाक मारल्यासारखा आवाज आला. मी बाहेर आले तर बाबा कानटोपी घालून पायरीवर उभे.

"कोल्हा आहे," ते म्हणाले.

"कोल्हा नाही बाबा, पक्षी असेल."

"असला कसला पक्षी?"

उत्तर शेजारच्या केबिनमधून आलं. तिथे एक सत्तरीची उंच बाई एकटी राहायची. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेली. ती हातात कॉफीचा मग घेऊन आमच्या धक्क्यावर आली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. धुक्यात दोन पक्षी तरंगत होते. बदकापेक्षा मोठे, पाण्यात खोल बसलेले, काळंभोर डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकोनांची नक्षी, आणि डोळे चक्क लाल. लून. हिवाळाभर दोघं समुद्रावर असतात, तेही वेगवेगळे, आणि तळ्यावरचा बर्फ वितळला की पुन्हा इथेच येऊन भेटतात, असं तिने सांगितलं. मी भाषांतर करत होते. बाबा नुसते "हं" म्हणाले, पण आत गेले नाहीत.

मग तिने मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. लूनचे पाय अगदी शेपटीजवळ असतात, त्यामुळे त्याला जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून तो घरटं पाण्याला चिकटूनच करतो. मागच्या वर्षी चार दिवस मुसळधार पाऊस झाला, तळं चढलं आणि घरटं अंड्यांसकट बुडालं. यंदा ती एक तराफा बांधत होती. पाणी चढलं की तराफाही चढेल. पक्ष्यांचं काम बघणाऱ्या मंडळींनी तिला परवानगी आणि नकाशा दोन्ही दिलं होतं. ओंडके जोडून झाले होते, वरचं छत राहिलं होतं. गरुडाला वरून अंडी दिसू नयेत म्हणून जाळीची कमान करून तिच्यावर गवत विणायचं होतं.

तिने अंगणातला तराफा दाखवला. बाबांनी त्याला एक चक्कर मारली आणि वाकून खालून बघितलं.

"अगं, हे तर मखर आहे!"

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर दर वर्षी बाबा करतात. थर्माकोल बंद झाल्यापासून वेत, सुतळी आणि कागद वापरून करतात. मी हे त्या बाईला कसंबसं समजावून सांगितलं. देव, दहा दिवस, डेकोरेशन, नंतर विसर्जन. ती म्हणाली, "म्हणजे यांना अनुभव आहे."

पुढचे काही दिवस माझ्या मीटिंगच्या मागे खिडकीबाहेर या दोघांचा संवाद चालू असायचा. बाबांचं इंग्रजी ऑफिसातल्या पत्रांचं. "मॅडम, काइंडली होल्ड." "मॅडम, धिस साइड इज नॉट सॅटिस्फॅक्टरी." ती न हसता धरायची. बाबांना कमानीच्या कडेला गवताची झालर हवी होती. पक्ष्याला झालर लागत नाही, उलट वाऱ्याने हलली की तो बिचकेल, असं तिने ठामपणे सांगितलं. बाबा तासभर रुसले, मग झालर काढून टाकली. दोघांनी मिळून वर ओलं शेवाळ, चिखल आणि लव्हाळी पसरली. नवरा आला त्या शनिवारी आम्ही चौघांनी तो तराफा पाण्यात ढकलला, तिच्या छोट्या बोटीने ओढत खाडीसारख्या शांत कोपऱ्यात नेला आणि सिमेंटचे ठोकळे बांधून तिथे स्थिर केला.

मग वाट बघणं सुरू झालं.

लूनची जोडी एक-दोनदा तराफ्यापाशी आली. मान तिरकी करून बघितलं, भोवती फिरली. एकदा दोघांपैकी मोठा होता तो छातीवर सरकत वर चढला. बाबांनी माझा दंड घट्ट धरला. पक्ष्याने छताखाली डोकं घातलं, थोडा वेळ बसला, उतरला आणि पोहत निघून गेला. त्यानंतर दोघं तिकडे फिरकले नाहीत.

"नापसंत," बाबा म्हणाले.

रोज संध्याकाळी जर्सी सिटीला व्हिडिओ कॉल व्हायचा. बाबा विचारायचे, "कशी आहे? डॉक्टर काय म्हणाले? पाय सुजलेत का?" सासूबाई म्हणायच्या, "सगळं ठीक आहे, तुम्ही नका काळजी करू." आणि विषय बदलायच्या, "बसला का तुमचा पक्षी?" बाबा फोन माझ्याकडे द्यायचे. एकदा फोन ठेवल्यावर ते तळ्याकडच्या खिडकीपाशी जाऊन बसले. "लेकीचा आवाज थकलेला वाटला," ते म्हणाले, "पण आपल्याला कोण सांगणार?" मी कांदा चिरत होते. त्यांच्यासाठी चहा टाकला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. एरवी मला हे सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठाकाठाने फिरायला गेले आणि जवळजवळ पळतच परत आले. "चल. बोलू नकोस. चपला काढ." तळ्याच्या टोकाला सगळ्यांसाठीचा बोट रॅम्प आहे, ट्रेलरवरून बोटी पाण्यात उतरवतात तो काँक्रीटचा उतार. त्याच्या बाजूलाच एक बर्चचं झाड पाण्यात आडवं पडलं होतं आणि त्यामागे चिखलाची एक इवलीशी जीभ होती. आम्ही झुडपाआडून बघितलं.

एक लून चिखलावर बसला होता. मान लांब करून आजूबाजूचं गवत उपटायचा आणि खांद्यावरून स्वतःच्या अंगाभोवती टाकायचा. मग छाती दाबून गोल फिरायचा, बसल्या बसल्या खळगा करायचा. दुसरा पाण्यातून शेवाळाचे तुकडे आणून देत होता. दोघं मधूनच अगदी हळू, घशातल्या घशात "हू" असं म्हणत होते. पहाटेचा तो हंबरडा यांचाच, यावर विश्वास बसत नव्हता. घरात दोन माणसं कपाट लावताना बोलतात तसा तो आवाज होता.

"आपल्यापेक्षा वाईट बांधतायत," बाबा माझ्या कानात म्हणाले. पण त्यांचा चेहरा फुलला होता.

शेजारीण मात्र बातमी ऐकून डोकं धरून बसली. घरट्याची जागा नर निवडतो आणि एकदा ठरली की ठरली, ती म्हणाली. पण बोट रॅम्प! आणि येणारा वीकेंड मे अखेरचा लाँग वीकेंड. सगळ्या बोटी पहिल्यांदा पाण्यात उतरणार. लाटा, इंजिनं, कुत्री. पक्षी बिचकून उठला तर घरटं कायमचं सोडू शकतो. तिने फोन केले, पक्ष्यांचं काम बघणाऱ्या त्या मंडळींनी येऊन पाण्यात तरंगता दोर आणि पाट्या लावल्या. पण पाट्या वाचतं कोण? दिवसभर कुणीतरी तिथे उभं राहायला हवं होतं, आणि तिचे गुडघे तर काम देत नव्हते.

मी भाषांतर पूर्ण करायच्या आत बाबा म्हणाले, "आय विल डू ड्यूटी."

शनिवारी सकाळी ते रॅम्पवर घडीची खुर्ची टाकून बसले. कानटोपी, माझ्या नवऱ्याचं जॅकेट, गळ्यात शेजारणीची दुर्बीण. मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले तेव्हा एक भलामोठा ट्रक ट्रेलर घेऊन मागे येत होता. बाबा उठले आणि दोन्ही हात वर करून त्याच्या मागे उभे राहिले. बेसबॉल कॅप घातलेला एक धिप्पाड माणूस खाली उतरला.

"काही प्रॉब्लेम आहे का?" त्याने विचारलं.

बाबांनी बर्चकडे बोट दाखवलं. शब्द शोधला. आणि मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "सर. बर्ड. फॅमिली प्लॅनिंग."

तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. मी पुढे होऊन सांगू लागले, पण तोवर बाबांनी दुर्बीण गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली होती. त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ट्रकमधल्या बायकोला हाक मारली, तिनेही बघितलं. शेवटी त्याने इंजिन चालू न करता बोट पाण्यात सोडली आणि वल्हं मारत लांबपर्यंत नेली. जाताना बाबांना कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

तीन दिवस असंच चाललं. "फॅमिली प्लॅनिंग" हा शब्द मी दुरुस्त करायला गेले तेव्हा शेजारणीने मला थांबवलं. सगळेच काही त्या पहिल्यासारखे नव्हते. एका पोराने जेट स्कीवरून जोरात गिरकी घेतली, लून मान खाली घालून जमिनीसारखा सपाट झाला आणि बाबांनी मराठीतच त्याला असं झापलं की पोरगं सॉरी म्हणून निघून गेलं. पण बहुतेक लोक दुर्बिणीतून बघायचे, इंजिन बंद ठेवायचे, आणि परत आल्यावर विचारायचे, "अजून आहेत ना?" कुणी त्यांना डोनट आणून दिला, कुणी छत्री.

सोमवारी दुपारी घरट्यावरचा पक्षी उठून पाण्यात सरकला आणि दुसरा त्याच्या जागी चढला. तेवढ्यात दुर्बिणीतून दिसलं. चिखलाच्या रंगाचं, काळसर ठिपक्यांचं अंडं. बाबांनी तिथूनच जर्सी सिटीला फोन लावला. या वेळी नणंदेने उचलला.

"अगं, अंडं घातलं! आणि ऐक, नरसुद्धा बसतो अंड्यावर. पाळ्या लावतात दोघं. हे मला माहीतच नव्हतं."

ती हसली. मग म्हणाली, "बाबा, आई खूप दमलीय. ती सांगत नाही तुम्हाला. मलाही भीती वाटते. तुम्ही या ना."

"येतो," बाबा म्हणाले. एवढंच.

पण दुसऱ्याच दिवशी, आम्ही बॅगा भरत असतानाच, तिला कळा सुरू झाल्याचा फोन आला. पाऊस पडत होता. निघताना बाबांनी खुर्ची शेजारणीच्या पडवीत ठेवली आणि तो ट्रकवाला माणूस रविवारी ड्यूटीला येणार आहे याची तिच्याकडून दोनदा खात्री करून घेतली. पक्षी पावसात घरट्यावर बसून होता, पाठीवरून पाणी ओघळत होतं. तो हलला नाही. गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं,

"तिकडे गेल्यावर मला काय करता येईल?"

"डायपर बदलता येईल."

"शिकव."

मी ड्राइव्ह करत होते, त्यामुळे कनेक्टिकटमध्ये एका रेस्ट एरियात थांबून घडी केलेल्या टॉवेलवर शिकवलं. तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं.

मुलगी झाली. आम्ही जवळच एका हॉटेलात उतरलो होतो; बाळ हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या सकाळी आम्ही दार वाजवलं. सासूबाईंनी उघडलं, डोळे तारवटलेले. बाळ बाबांच्या हातात दिलं, "दोन तास मला उठवू नका," म्हणाल्या आणि आत जाऊन झोपल्या. बाबा उंबऱ्यातच उभे, बूटसुद्धा काढलेले नाहीत. मग त्यांनी एका पायाने दुसऱ्या पायातला बूट हळूच काढला.

जून संपता संपता मी पुन्हा नणंदेकडे गेले होते तेव्हा शेजारणीने फोटो पाठवला. लूनने मागाहून आणखी एक अंडं घातलं होतं, पण दोनपैकी एकच उबलं होतं. करड्या लोकरीच्या गोळ्यासारखं एक पिल्लू एका लूनच्या पाठीवर बसलं होतं. बाबांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"हा बाप की आई?"

"एकटा असला की ओळखता येत नाही बाबा. दोघं सारखेच दिसतात."

"चांगलं आहे," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या नातीला ढेकर येईपर्यंत तिची पाठ थोपटत राहिले.