दसरूभाऊंची जोड

९ ऑगस्ट १९५६, सकाळी सात. गडचिरोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बोर्डाचे प्लग स्पिरिटने पुसत होते. पावसाळ्यात पितळ हिरवं पडतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या सिग्नल स्विचबोर्डवर चार वर्षं होते. आधी प्लग, मग चहा, हा तिथला नियम इथेही चालू होता.

सात वीसला बोर्डावर धानोरा लाइनचं शटर पडलं, म्हणजे तिकडून कोणी घंटी दिली होती. "बाई, लवकर, डॉक्टरले..." आणि लाइन मेली.

त्या एका तारेवर लाकडाचे चार डेपो, चारही वेगवेगळ्या वाटांना. डॉक्टरांची जीप एकच. कुठे धाडायची, कळेना. लाइनमन दसरूभाऊ सायकलने निघाले. आठ दहाला त्यांनी खांबाजवळून टेस्ट फोन लावला.

"बाई, सहाव्या मैलावर फांदी पडली. जोडून राह्यलो." थोड्या वेळाने पुन्हा: "कोनीतरी हँडल फिरवून राह्यला. झटका बसला मले."

फोनचं हँडल फिरवलं की तारेत घंटीचा करंट जातो. डेपोतला माणूस लाइन आली का, ते पाहत होता. त्याला थांबवायला जी तार हवी, तीच तुटली होती.

"उतरा खाली. थकेल तो."

"तिकडं कोनाचा जीव जाऊन राह्यला का मालूम? तो दम घेईल तवा जोडतो. माही बायकोबी भांडता भांडता दम घेते."

"जोडा," मी म्हणाले. ऑर्डर माझी होती.

आठ एकतीसला शटर पडलं. जोड लागली होती, आणि हँडल फिरतच होतं.

पिपरटोला डेपोचा मुंशी बोलला. मजुरीण बाळंतपणात अडली होती. आठ चौतीसला जीप निघाली. दसरूभाऊंचा 'लाइन ओके' आलाच नाही. डॉक्टरांना ते खांबाखाली सापडले. मान मोडली होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, अंगावर चादर टाकली आणि पुढे गेले. दहाला मुलगी झाली. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रकने पिपरटोल्याला गेले. मुंशीने हात पुढे केला. "पाहा बाई, सुजला. म्या हँडल सोडलंच नाई, म्हनून लाइन लागली."

"नाही. दसरूभाऊंनी लावली."

हँडलच्या झटक्याने ते खांबावरून कसे पडले, हे त्याला खाली बसवून सांगितलं. मग मेलेल्या लाइनवर हँडल का फिरवायचं नाही, हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि उरलेल्या तीन डेपोंकडे निघाले.