कोऱ्या ओळींची बाई

माझे बाबा जन्मभर पुण्यात फ्रेंच शिकवत आले आणि निवृत्त झाल्यावर एका फ्रेंच बाईच्या नादी लागले. असं मीच सगळ्यांना सांगायचे, आणि बाबा खूश व्हायचे. बाई जाऊन कैक वर्षं झाली होती. तरुणपणी ती एका लहान गावात टेलिफोन एक्स्चेंजवर कामाला होती. नवरा युद्धावर गेला तो परतलाच नाही, मेल्याची खबरही आली नाही. मग बाईने कादंबरी लिहिली. त्यात एक बायको नवऱ्याशी फोनवर बोलते, पण छापलंय फक्त तिचंच बोलणं. त्याच्या उत्तरांच्या जागी कोऱ्या ओळी. उरलेलं पुस्तक कधी लिहिताय, म्हणून टीकाकारांनी टर उडवली म्हणे. बाई हटली नाही. पुढची सगळी पुस्तकं तिने तशीच जागा सोडून लिहिली आणि दोन खोल्यांत एकटीच म्हातारी झाली.

लॉकडाउनमध्ये बाबांनी ती कादंबरी मराठीत आणायला घेतली. मी इथे ऑस्ट्रेलियात, क्लेटनला घरात कोंडलेली, युनीचं, म्हणजे युनिव्हर्सिटीचं काम डायनिंग टेबलावर. रोज आर्वोला, म्हणजे इथल्या दुपारी, मी चहा टाकला की त्यांचा फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळचे पोहे आटोपलेले असत. झालेलं पान वाचून दाखवायचे आणि कोरी ओळ आली की थांबायचे. शाळेत ते फ्रेंचच्या टेप लावायचे, त्यात प्रत्येक वाक्यामागे मुलांना म्हणायला जागा सोडलेली असे. अगदी तसंच.

पहिल्या दिवशी मला वाटलं, लाइन गेली.

"हॅलो? बाबा? आवाज येतोय का?"

"गप गं! तो बोलतोय ना."

"कोण?"

"तिचा नवरा."

अंगावर काटाच आला माझ्या. पलीकडून नुसता बाबांच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता.

मग काय सुचलं कोण जाणे, त्या जागांत मीच बोलायला लागले. "जेवलास का?" बाबा वाचायचे आणि थांबायचे. "कालचीच खिचडी," मी म्हणाले. "तेवढ्याने काय होतंय!" बाबा म्हणाले. ही ओळ पुस्तकातलीच का, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. पुस्तकातलीच होती. माझी लेक बाजूला बसून ऐकत होती. "इट्स सो क्रीपी, आई," ती म्हणाली. क्रीपी तर होतंच, पण मला त्या वेळेचं व्यसन लागलं.

फोन बाबा कधीच आधी ठेवत नसत. "तू ठेव, मग मी ठेवतो." मी आणि माझा धाकटा भाऊ हॉस्टेलला होतो तेव्हापासूनचा हा नियम.

शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी वाचून दाखवलं नाही. "ते तू आल्यावर, समोर बसून." इथल्या बॉर्डर कधी उघडणार ते देवालाच ठाऊक. पण प्रत्येक पान ते आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकायचे. तसं तेही करून ठेवलं होतं.

दुसऱ्या लाटेत बाबा गेले. हॉस्पिटलमधून शेवटचा फोन केला तेव्हा फार धाप लागली होती. "तू..." एवढंच म्हणाले आणि लाइन तुटली. ना त्यांनी ठेवला, ना मी.

मला जाता आलं नाही. दहावा लॅपटॉपवर पाहिला. पिंडाला कावळा शिवेना. काही इच्छा राहिली होती का, गुरुजींनी भावाला विचारलं. "शेवटचं प्रकरण!" मी इथून जिवाच्या आकांताने ओरडले. पण मी म्यूटवर होते. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

त्याच दिवशी मी भावाला ते रेकॉर्डिंग मागितलं. त्याने पाठवलं. कानाला लावलं तर बाबा नुसते धावत सुटलेले. ऐकतोस ना, बरं, जेवून घे, हो का, असू दे. कुठे थांबतच नव्हते. माझ्यासाठीसुद्धा नाही.

"मध्ये मध्ये खूप गॅप होते, ताई. मी ते एडिट करून काढले," भाऊ म्हणाला.

"मूळ फाइल कुठाय?"

"बाबांचा फोन फॉरमॅट केला."

"अरे गाढवा! त्या जागा होत्या बाबांच्या! तेवढंच तर उरलं होतं मला!"

"मला वाटलं, धाप लागली म्हणून थांबतायत," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "ऐकवेना गं."

मी तरी चिडलेलीच राहिले. बोलणं बंद. आर्वोला चहा टाकला की फोन वाजत नसतानाही माझं तोंड आपसूक चालू व्हायचं. कालचीच खिचडी, बाबा. लेक दारात येऊन विचारायची, "हू आर यू टॉकिंग टू?" मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

मग एकदा त्याच वेळी खरंच फोन वाजला. भाऊ.

"ताई, बाबांच्या खुर्चीत बसलोय. त्यांनी लिहिलेली पानं समोर आहेत. वाचू?"

माझं उत्तर यायच्या आत त्याने सुरुवात केली. मेल्याचा आवाज तर हुबेहूब बाबांचा. पहिली कोरी ओळ आली आणि तो थांबला. पलीकडे पंखा कुरकुरला. मी कप खाली ठेवला. या वेळी मी एकही जागा भरली नाही. ज्याची होती त्याला बोलू दिलं.

त्या प्रकरणात एक्स्चेंजवाली त्या बायकोला सांगते, तुमची लाइन कधीचीच तोडलीय. बायको तरी बोलत राहते. मग शेवटची ओळ: "आता तू ठेव, मग मी ठेवते." हे पुस्तकातलंच का बाबांनी घुसडलेलं? आता विचारणार कोणाला?

त्याखाली पान कोरं होतं. भाऊ वाट पाहत राहिला. पंखा चालूच होता.

"बाबा, ठेवते हं," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.