टेकडीचं वजन

चार माणसं रोज एका जीपमध्ये कोंबली की किस्से आपोआप साठतात. कोणाला सांगायचे नसले तरी साठतात. आमचे बहुतेक किस्से दादाचे आहेत. दादा मागच्या महिन्यात तापानं गेला. घरी त्याचं नाव निघालं की आई उठून आत जाते, म्हणून इथं सांगतो.

अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. गावामागं टेकडी. सरकारी कागदात ती 'पडीक', म्हणून खडी फोडायला एका ठेकेदाराला द्यायचं चाललं होतं. त्याआधी पुण्याहून दातार सर आले. गाव त्या टेकडीवरून सरपण, चारा, फळं काय काय आणतं, आणि ती गेली तर हे सगळं किती मोल देऊन आणावं लागेल, याचा अहवाल त्यांना द्यायचा होता. दादा, कागदावर रामदास, मॅट्रिक झालेला. सरांनी त्याला हाताशी घेतलं. जीपवर रशीदभाई ड्रायव्हर. मी चौथीतून शाळा सोडलेला, म्हणून माझ्याकडं अंगमेहनत. मोळ्या उचलायच्या आणि वजनाच्या काट्याला अडकवायच्या.

पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराचा माणूस आला. म्हणाला, "गोट्यायले काय मोजता बे?" मी त्याची कॉलर धरली.

दादा जागचा हललासुद्धा नाही. म्हणाला, "कॉलर सोड. काटा धर."

*

सरांनी पहिल्या घरी विचारलं, "जंगलातून तुम्ही काय आणता?"

म्हातारा हात जोडून म्हणाला, "काईच नाई, सायेब." त्याला वाटलं, जंगल खात्याचा दंड होईल. त्याच्या पाठीशी सरपणाचा ढीग, पुढ्यात टेकडीवरचा पाला खाणारी बकरी. सरांनी 'काही नाही' असं लिहून घेतलं.

निघताना म्हाताऱ्यानं जीपमध्ये सीताफळांची टोपली ठेवली. सरांनी विचारलं, "ही कुठली?"

"ही? ही त तुमची, सायेब."

*

बाजाराला जाणाऱ्या टोपल्या दादा मोजायचा आणि सर कागदावर रेघा मारायचे. रोज सरांची एक टोपली कमी भरायची. सर बेजार झाले. शेवटी रशीदभाईंच्या ध्यानात आलं. आमच्याकडं मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. सरांना वाटायचं, दादा आधी देवाचं नाव घेतो, म्हणून ते पहिली रेघ मारतच नव्हते.

सर हसून म्हणाले, "अरे रामदास, आमच्या पुस्तकात लाभ सगळ्यात शेवटी येतो."

दादा म्हणाला, "आमच्याकडं पहिलेच म्हणून घ्या लागते, सर. शेवटचा कोणं पाह्यला?"

*

सर सांगायचे, "मी काही इथं जन्मभर राहणार नाही. गावचीच पोरं तयार झाली पाहिजेत. उद्या दुसरी टेकडी पडीक ठरली, तर तिथं कोण जाणार?" मग दादानं देवळात पाच पोरांचा वर्ग सुरू केला. पहिला धडा, आपल्याच घरी जाऊन विचारा.

त्यातल्या प्रल्हादनं आईला विचारलं, "टेकडीखालच्या झऱ्यावरून पाणी आणाची मजुरी तू किती घेशील?"

आईनं त्याच्या डोक्यावर हंडा ठेवला. "आणून पाय. मंग तूच सांग."

दुसऱ्या दिवशी त्याच्या कागदावर मजुरीच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'मान दुखते.' सरांनी ते खोडू दिलं नाही.

*

अडून बसली ती काशीआजी. गावात सगळ्यात जास्त मोळ्या तिच्या, आणि तिचं ऐकूनच बाकीच्या बाया चालायच्या. म्हणे, "लेकराले, भाकरीले अन् मोळीले मोजत नसतात. बरकत जाते."

रशीदभाई म्हणाले, "आजी, पहिले मले मोजा. माही बरकत गेली का पाहा." निंबाच्या फांदीला काटा टांगून ते स्वतःच त्याला लटकले. काट्याची कडी तुटली आणि रशीदभाई खाली.

आजी म्हणाली, "गेली."

त्या दिवसापासून एकाही बाईनं मोळी काट्याला लावू दिली नाही. सर खचले. म्हणाले, "सरपणच अहवालात आलं नाही, तर टेकडी पडीकच ठरणार."

दादा म्हणतो, म्हणजे म्हणाला, "येतील, सर. मी तिच्या घरी रोज जातो ना." खरंच रोज जायचा. तिच्या हातचा काळा चहा पिऊन रिकामा परत यायचा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "चहा त मिळून राह्यला ना बे." कडी चिखलीहून दुरुस्त होऊन आली, त्याच दिवशी त्याला ताप भरला.

*

आमच्याकडं माणूस गेला की घरोघरून सरणाला दोन-दोन लाकडं येतात. दादासाठी दारात बैलगाडी उभी केली होती. सर आले, रशीदभाई आले. मी आलेली लाकडं गाडीत रचत होतो.

काशीआजी अख्खी मोळी डोक्यावर घेऊन आली. तिच्यामागं बाकीच्या बाया, सगळ्यांच्या डोक्यावर मोळ्या. कोणीतरी आजीची मोळी गाडीत टाकायला पुढं झाला. तिनं त्याचा हात झिडकारला आणि मोळी माझ्या पायाशी उतरवली.

"काटा कुठी हाय?" ती म्हणाली. "पहिले मोज."

रशीदभाईंनी जीपमधून काटा आणला. मी मोळी अडकवली. सरांनी कागद काढला, पण त्यांना काट्यावरचं काही दिसेना.

"मोठ्यानं म्हण," आजी म्हणाली.

मी म्हणालो, "लाभ."