गुरांचं मतदान

आमचे मामा कशावरही मतदान घ्यायचे. आज वांगी करायची की भोपळा इथपासून मिशी ठेवायची की काढायची इथपर्यंत. जेवता जेवता एकदम गरजायचे, "हात वर!" अख्खं बोरी गाव त्यांना हातवर मामाच म्हणायचं. निजामाचं राज्य जाऊन पहिल्या निवडणुका झाल्या, तेव्हापासून हे वेड लागलेलं. "आजवर आपल्याला कोनी इचारलं का? आता इचारूनच करायचं," हे त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे मामा दर वेळी हरायचे. मामी मुद्दाम विरोधात हात वर करायची. मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेलो, जेवायला त्यांच्याकडेच. भाकरी मामीच्या हातची, मग माझा हात कुणाच्या बाजूनं जाणार? मामा निमूटपणे म्हणायचे, "फैसला कबूल." मिशी त्यांनी अशीच घालवली.

पण त्यांचा खरा जीव गायरानात. दिवसभर गुरांमागे हिंडायचं आणि संध्याकाळी प्रत्येक जनावराला खिशातलं खडेमीठ चाटवायचं, मग ते कुणाचंही असो.

एके वर्षी विकास खात्याचे एक साहेब आले. त्यांनी गायरानाचा तुकडा कुंपण घालून नांगरला आणि पोत्यातून आणलेलं गवताचं बी पेरलं. गवत गुडघाभर आलं, खोटं कशाला बोला! साहेब म्हणाले, "यावर जनावर अंगानं भरतं. तुमच्या गायरानात नुसती कुसळं. सगळंच नांगरून टाकू."

"साहेब, पेरल्यालं गवत म्हंजे लग्नाची पंगत," मामा म्हणाले. "लय ग्वाड. पर रोज पंगतीत कोन जेवतंय?"

साहेब हसले. घरी आल्यावर मामा मला म्हणाले, "गायरान गेलं तर मी जाऊ कुठं रे?" त्यांचा तो चेहरा बघून मला भडभडून आलं.

तरी मामा ते मामाच. दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन गरजले, "खानार गुरं, तर गुरांनाच इचारा!" आणि साहेबांच्या अकलेची कमाल बघा, ते हो म्हणाले!

ठरल्या दिवशी डावीकडे कुंपणाचं फाटक उघडं, उजवीकडे गायरान, मध्ये गावची गुरं. मामांनी खिसे उलटे करून दाखवले. "मतदाराला लालूच दावायची न्हाई!" गुरं सुटली आणि सगळी मामांभोवती गोळा झाली. कुणी खिसा चाटतंय, कुणी धोतर ओढतंय. "आरं, मला कशाला मत देता? मी उमेदवार न्हाई!" मामा ओरडत होते.

फेरमतदानाला मामांना घरात कोंडून ठेवलं. गुरं दोन्ही बाजू सोडून वेशीतून सरळ मामांच्या अंगणात आली आणि मामीचे पापड तुडवले. "आग लागो तुमच्या मतदानाला!" म्हणत मामी लाटणं घेऊन धावली. साहेब हट्टाला पेटले. पुन्हा पुन्हा मतदान, पुन्हा पुन्हा अंगण. फैसला होईना, म्हणून नांगरही चालेना.

त्या थंडीत मामा तापानं गेले. आमच्यात पुरतात, त्यांना गायरानाच्या कडेला समाधी दिली. पंधरवडा उलटला नाही तोच साहेब हजर. "आता काही अडचण नाही. शेवटचं मतदान घेऊन टाकू." माझं डोकंच फिरलं. मामीनं मात्र मान डोलावली.

गुरं सुटली. जरा घुटमळली. मग लाल वळू वास घेत पुढे झाला आणि फाटकाकडे ढुंकूनही न बघता गायरानात शिरला. मागोमाग सगळी गेली आणि मामांच्या समाधीभोवती उभी राहिली. साहेबांनी टोपी काढली. "गायरान," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

मी जवळ जाऊन बघतो तर समाधीवर खडेमिठाचा ढीग, आणि गुरं तो चाटताहेत. मी मामीकडे वळलो.

"काय बगायलास मास्तरा?" तिनं पदर डोळ्याला लावला. "जल्मभर त्येंच्या इरोधात हात वर केला. एक डाव तरी त्येंच्या बाजूनं नको?"