शिकारीची भाजी

जगातला प्रत्येक शब्द मुळात मराठी आहे, यावर माझ्या नवऱ्याच्या मावसभावाइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. भावोजी तुआसला जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला सेम्बावांगला. दर रविवारी एमआरटी रेल्वेने आमच्याकडे बुओना व्हिस्टाला यायचे ते एखादा नवा शब्द पकडूनच. "काँडो म्हणजे कोंडणं, वहिनी. चौदाव्या मजल्यावर कोंडलंय तुम्हाला, आणि वर मेंटेनन्स घेतात." माझी लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत 'कॅनॉट लाह' म्हणाली, की ते खूश. आला, गेला, मेला, त्यातलाच तो ला.

दोन हजार सहाच्या सुमारास कुठूनसा त्यांना 'सिकबाज' हा शब्द सापडला. बगदादच्या खलिफांच्या ताटातलं, व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मटण. जन्माचे शाकाहारी भावोजी आठवडाभर त्याच नादात होते. "शिक म्हणजे शिकार, बाज म्हणजे भाजी. शिकारीची भाजी." आमच्या क्लबहाउसमध्ये पन्नास मराठी माणसं जमवून त्यांनी यावर भाषणच ठेवलं, आणि साक्षीदार म्हणून आपल्या कारखान्यातल्या इराणी मित्राला पहिल्या रांगेत बसवलं.

भाषण संपल्यावर तो भिडस्त माणूस उठला. हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, "सिक हा जुन्या फारसीत सिरका. बा म्हणजे रस्सा. अरबांकडे जाऊन त्याचं बाज झालं." हॉल हसून लोटपोट झाला. मित्र बिचारा कानकोंडा होऊन चपला शोधू लागला.

भावोजींनी पुन्हा माइक उचलला. म्हणाले, "चुकलो मी. शब्द यांचा आहे." आणि दारापर्यंत पोचलेल्या मित्राला हात धरून परत आणत त्यांनी विचारलं, "मग शोरब्यातला बा?"

"तोच."

पुढच्या रविवारी भावोजी टेक्का बाजारातून हलाल मटण घेऊन आमच्या दारात हजर. स्वतःच्या घरी जाऊबाईंनी पातेलं द्यायला नकार दिला होता. नाकाला रुमाल बांधून, व्हिनेगरच्या वासाने शिंकत त्यांनी ते तीन तास शिजवलं. जेवायला बोलावलेल्या मित्राने पहिला घास खाल्ला. "आजी करायची," एवढंच म्हणाला. भावोजींनी न विचारता त्याला आणखी वाढलं.

वर्षभरात त्याचा कामाचा पास संपला आणि तो शिराझला परतला. भावोजीही निवृत्त होऊन पुण्याला जाणार होते, म्हणून पत्रासाठी त्याला आमचा पत्ता दिला होता. अजून पुण्याहून त्यांचा फोन येतो. आधी सगळ्यांची खुशाली विचारतात, मग सहज विचारल्यासारखं, "वहिनी, पत्रांची पेटी बघितलीत का आज?"

मी बघितलेली असते, रिकामी. "उद्या बघते," म्हणते.